दोनशे बारा कागदांची शिवण

१. गाठ

त्या सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, मोठ्या साहेबांच्या टेबलावरील गठ्ठा मी दोन्ही हातांनी उचलला आणि तत्क्षणी माझ्या ध्यानात आले, की ही गाठ माझी नव्हे.

वाचकांस आधी माझी ओळख देणे उचित होईल. पोलीस खात्यातील अधिकाऱ्यांना जेथे प्रशिक्षण दिले जाते, त्या संस्थेत मी सव्वीस वर्षे बाइंडर आहे. शिक्षण सातवीपर्यंत, तीही अपूर्ण. परंतु शिवण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक थोडे वाचावे, हा नेम मी आजवर मोडलेला नाही. सर्व जण मला बाइंडरमामा म्हणतात. मी कागदास तीन भोके पाडतो, दोरा मधल्या भोकातून सुरू करतो आणि गाठ आत लपवतो. या गठ्ठ्याची गाठ मात्र बाहेर होती. पुडके बांधावे तशी दुहेरी.

तो गठ्ठा सामान्य नव्हता. आमच्या संस्थेतील मास्तरीणबाईंनी अकरा महिने निरनिराळ्या पोलीस ठाण्यांत कोपऱ्यात स्टूल टाकून काढले होते. वरिष्ठ ड्युटी कशी लावतात, रजा कशी नाकारतात, चुकलेल्या शिपायाशी काय बोलतात, हे सर्व टिपून त्यांनी तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम रचला. हाताखालची माणसे कशी सांभाळावीत, हा त्याचा विषय. त्याची परीक्षाही त्यांनी निराळी ठेवली. साहेबांना प्रश्नपत्रिका नाही. त्यांच्या हाताखालच्या माणसांनी बारा प्रश्नांचा अर्ज नाव न घालता भरायचा. एकदा अभ्यासक्रमापूर्वी आणि एकदा साहेब शिकून परतल्यावर तीन महिन्यांनी. प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण.

एकोणीस ठिकाणांहून दोनशे बारा अर्ज आले होते. गेल्या मंगळवारी, पंधरा तारखेस, ते पालथे ठेवून, एकही अक्षर न वाचता मी शिवले व कपाटात ठेवले. नंतर जोडून सुट्ट्या आल्या. सोमवारी सकाळी सात वाजल्यापासून बसून संस्थेच्या गणितीने गुण मोजले आणि आता तो ते वाचून दाखवीत होता.

“आधीची सरासरी दोन पूर्णांक चार,” तो खाली पाहून म्हणाला. “नंतरची एक पूर्णांक नऊ.”

“म्हणजे शिकून बिघडले,” कवायतीचे उस्ताद म्हणाले. त्यांचे सकाळचे दोन तास या अभ्यासक्रमाने घेतले होते व ते दुःख त्यांनी कधी लपवले नव्हते.

“उस्ताद, असं बोलू नये,” धाकटे साहेब मृदू स्वरात म्हणाले. हे संस्थेचे उपप्रमुख. पुढच्या महिन्यात मोठे साहेब निवृत्त झाले की त्या खुर्चीवर हेच बसणार, असे सर्व जण धरून चालले होते. “बाई, मनाला लावून घेऊ नका. प्रयत्न प्रामाणिक होता.”

मास्तरीणबाईंनी आपली वही मिटली. चार वाजता समिती बसणार होती. हेच आकडे तिच्यापुढे गेले, तर अभ्यासक्रम कायमचा बंद होणार होता आणि बाईंना त्याच संध्याकाळी आपली खोली रिकामी करावी लागणार होती.

मला गठ्ठ्यावर पुठ्ठा चढवण्यासाठी बोलावले होते. सकाळपासून ते माझे दुसरेच काम. पहिले काम नऊ वाजता आले होते. धाकट्या साहेबांच्या शिपायाने जुन्या रजा-अर्जांचे तपकिरी कागदातले पुडके आणून दिले. ते उघडू नये, वरून कापड शिवून दप्तरखान्यात टाकावे, असा निरोप होता. त्याप्रमाणे ते मी टाकून आलो होतो.

“साहेब,” मी म्हणालो, “हा गठ्ठा उसवून पुन्हा शिवलाय. ही गाठ माझी नाही.”

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. “मामा, दोऱ्याच्या जोरावर मी समिती थांबवू?”

“थांबवू नका साहेब,” मागून आवाज आला. “पण चार वाजायला अजून वेळ आहे.”

२. घडी

तो आवाज टाचणीचा. चालू तुकडीत शिकायला आलेल्या, नुकत्याच फौजदार झालेल्या या बाई अंगाने किरकोळ होत्या. त्यांच्या गणवेशाच्या कॉलरला आतून सदैव दोन-तीन टाचण्या खोचलेल्या असत आणि संशयास्पद कागद दिसला की त्या त्यास टाचणी लावून बाजूस ठेवत. तुकडीने ठेवलेले हे नाव त्यांनी हसत पत्करले होते. तुकडीच्या वतीने आभाराचे चार शब्द बोलायला म्हणून त्यांना त्या खोलीत बोलावले होते.

मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले. “पावणेचारपर्यंत. तुम्हाला इथे काय शिकवलं, तेही कळेल मला.”

टाचणीने जोडखोलीत टेबल मांडून घेतले आणि सर्वप्रथम मला बसायला खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत त्या खोलीत मी प्रथमच बसलो.

“मामा, बाईंचा पहिला धडा. काम ज्याच्या हातून गेलं, त्याला आधी विचारा. तर विचारते. गाठ सोडून आणखी काय वेगळं दिसतंय?”

मी कागद चाळले. कागद आमच्याच छपाईखान्याचे होते. शिल्लक कोरे अर्ज तेथील उघड्या फळीवर पडलेले असत, कोणीही उचलावेत. मग माझी बोटे थबकली.

“मॅडम, याला घडी नाही.”

“कसली घडी?”

“ठाण्यांकडून अर्ज लिफाफ्यातून येतात. तिपदरी घडी घालून. शिवण्याआधी मी दोन दिवस वजनाखाली ठेवतो, पण घडीची रेघ काही जात नाही. आधीच्या फेरीचा गठ्ठा बघा. प्रत्येक कागदाला आहे. हे मात्र फळीवरून उचलले तसे सपाट.”

त्यांनी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले. जुन्या गठ्ठ्यात चहाच्या कपाचे गोल डाग होते, वेडीवाकडी अक्षरे होती, कोठे तक्रार, कोठे चित्र. नव्या गठ्ठ्यात सर्वत्र स्वच्छ खुणा. अखेरची ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ ही जागा प्रत्येक अर्जावर रिकामी होती आणि त्या रिकाम्या जागेतून एक तिरपी रेघ ओढलेली होती.

“दोनशे बारा माणसं,” टाचणी हळूच म्हणाल्या, “आणि एकालाही काही सांगायचं नाही?”

काही अर्जांवर चुकलेली खूण खोडून शेजारी दुसरी केली होती व तेथे शाईचा जाड ठिपका होता.

“पेन गळत असेल,” मी म्हणालो.

“असेल,” असे म्हणून त्यांनी कॉलरची टाचणी काढली आणि तशा नऊ अर्जांना लावली.

म्हणजे खरे अर्ज गायब होते आणि हे कोणीतरी एकट्याने, सुट्टीत बसून भरले होते. प्रश्न दोनच उरले. कोणी? आणि खरे कोठे गेले?

३. तीन जबान्या

कपाटाच्या खोलीत सुट्टीच्या दिवसांत तिघेच येऊन गेल्याचे पहाऱ्याच्या वहीत नोंदले होते. उस्ताद, गणिती आणि धाकटे साहेब. टाचणीने तीन कागदांवर स्वहस्ते एकच वाक्य लिहिले, ‘हा गठ्ठा मंगळवार, दिनांक चौदा रोजी कपाटात ठेवल्याचे मला ठाऊक आहे’, आणि खाली अर्धा कागद कोरा सोडला.

“मॅडम, मंगळवारी पंधरा होती,” मी सांगितले.

“मला माहीत आहे. तुम्ही कोपऱ्यात दोरा ओवत बसा. कान बंद ठेवा, फक्त हातांकडे बघा.”

प्रथम उस्ताद आले. ते बसलेच नाहीत.

“खुर्चीत बसवून माणसं सांभाळायला शिकवतात म्हणे,” ते म्हणाले. “आम्ही शिट्टीवर सांभाळली. साडेतीनशे एका वेळी.”

“अभ्यासक्रम बंद पडला तर तुमचे दोन तास परत मिळतील, उस्ताद.”

“मिळतील. आणि मी ते घेईन. लपवायचं काय त्यात? पण माझ्या अक्षराने दोनशे कागद भरायचे, तर मला आणखी दोन वर्षं नोकरी वाढवून द्या.”

“शनिवारी इथे कशाला आला होता?”

उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. “बाईंचं पुस्तक न्यायला. म्हटलं, शिव्या घालायच्या तर वाचून घालाव्यात.”

“काय वाटलं?”

“एक प्रकरण बरं आहे,” ते नाइलाजाने म्हणाले. “एकच.”

तारीख चुकल्याचे दिसताच त्यांनी चाराच्या अंकावरच पाच गिरवला आणि इतका जोरात गिरवला की कागद फाटला. मग कोऱ्या जागेकडे ढुंकूनही न पाहता, तळहाताएवढी सही ठोकून ते निघून गेले.

दुसरा गणिती. हा पोलीस नव्हे, विद्यापीठातून आलेला तरुण. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

“आकडे तुम्हीच मोजलेत. शंका पहिली तुमच्यावर येते,” टाचणी म्हणाल्या.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “मॅडम, हे आकडे फार शहाण्यासारखे वागतात. एकोणीस जागा, आणि सगळीकडे तोच सूर. माणसं इतकी एकमताची नसतात. एका खोलीतली चार जणं पंखा किती वेगाने फिरवायचा यावर भांडतात.”

“मग साहेबांना का नाही सांगितलंत?”

“त्यांनी बेरीज विचारली. माझं मत विचारलं नाही.”

टाचणी माझ्याकडे पाहून किंचित हसल्या. बाईंच्या अभ्यासक्रमाचे सार त्या भेदरलेल्या मुलाने एका वाक्यात सांगून टाकले होते. त्याने खिशातून पांढऱ्या शाईची बाटली काढली, तारीख झाकली, फुंकर मारून वाळवली, वर पंधरा लिहिले आणि सही केली.

अखेर धाकटे साहेब. ते स्वतःच चहा घेऊन आले. एक कप टाचणीला आणि, हे मला विशेष वाटले, एक मला.

“माझ्या मुलीएवढी आहेस,” ते म्हणाले. “एक सांगतो. हरण्याचा धक्का बाईंना बसलाय. त्यात दोऱ्यादाऱ्याच्या गोष्टी काढून आणखी त्रास देऊ नये.”

“सर, तुम्ही स्वतः पहिल्या तुकडीत शिकलात ना?”

“शिकलो. सर्वांत आधी मीच नाव दिलं. उदाहरण घालून द्यावं लागतं.”

“मग तुमच्या हाताखालच्यांनीही अर्ज भरले असतील.”

“पहाऱ्याच्या तुकडीने. अकरा जण.” कप बशीवर ठेवताना किंचित आवाज झाला. “त्यांच्याकडून मी काही फार आशा करत नाही. शिस्त लावणारा कुणाला आवडतो?”

त्यांनी जबानी वाचली. “मंगळवारी पंधरा होती, मुली.” चौदावर एकच आडवी रेघ मारून त्यांनी वर पंधरा लिहिले, शेजारी बारीकसे काही केले, खाली सही केली, कोऱ्या जागेतून तिरपी रेघ ओढली आणि माझ्या पाठीवर थोपटून ते गेले.

मी हातांकडे पाहिले होते. परंतु काय पाहिले, हे मला तेव्हा कळले नाही.

४. काच

तीन वाजून वीस मिनिटे. टाचणी नऊ अर्ज घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या.

“मामा, इकडे या. काचेवर धरा. उलट्या बाजूने.”

मी धरला. ऊन कागदातून आले. शाईच्या ठिपक्याच्या पोटात, पेनाच्या टोकाने दाबलेली एक वेलांटी होती. शेपूट वर वळलेली. दुसरा अर्ज धरला. तीच वेलांटी. तिसरा, चौथा, नववा. अर्ज सात वेगवेगळ्या ठाण्यांचे आणि वेलांटी एकच.

“जबानी लिहिताना पोलिसाची चूक झाली तर तो काय करतो, माहीत आहे? गिरवत नाही. एका रेघेने खोडतो आणि शेजारी छोटी सही करतो. चूक मीच सुधारली, मागून कुणी फेरफार केला नाही, याचा पुरावा म्हणून. आणि खाली जागा उरली तर तिरपी रेघ मारून बंद करतो, मागाहून कुणी भर घालू नये म्हणून. वर्षानुवर्षं केलं की हात ते आपोआप करतो, डोक्याला विचारत नाही.”

मी अर्ज खाली ठेवला. “पण हे तर बिननावी अर्ज.”

“तेच. बिननावी अर्ज खोटा भरतानाही हाताने सही केली. मग ध्यानात आलं आणि त्यावर शाई सांडली.” त्यांनी धाकट्या साहेबांची जबानी काचेवर धरली. पंधराच्या शेजारी तीच वेलांटी होती, शेपूट वर वळलेली. “उस्तादांचं आयुष्य मैदानावर गेलं, जबानी कधी लिहिली नाही. ते गिरवतात. गणिती पांढरी शाई लावतो. राहिलं कोण?”

“पण कशापायी, मॅडम? त्यांनीच तर पहिलं नाव दिलं होतं.”

“म्हणूनच. बाकी सगळे सुधारले आणि पुढच्या महिन्यात प्रमुख होणारा माणूस तेवढा सुधारला नाही, असं कागदावर आलं तर? सगळेच नापास झाले की एकट्याचं नापास होणं कुणाला दिसत नाही.” त्यांनी घड्याळाकडे पाहिले. “पण हे सगळं खोट्या कागदांबद्दल झालं. बाईंना वाचवायला खरे कागद हवेत.”

“जाळले असतील,” मी खिन्नपणे म्हणालो.

“नाही. त्यांची आवक-वहीत नोंद आहे. इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा नोंदीचा कागद जाळायला हात धजत नाही. तो दडवतो. जिथे कुणी उघडून बघणार नाही, तिथे.”

माझ्या हातातली सुई खाली पडली. जुने रजा-अर्ज. उघडू नये. वरून कापड शिवावे. जाडी मी सवयीने बोटांनी मोजली होती. दोन बोटे आणि एक पेर. मंगळवारच्या गठ्ठ्याचीही तीच होती.

“मॅडम,” मी म्हणालो, “ते मीच शिवलेत. माझ्याच हाताने.”

५. मोजणी

मी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी दप्तरखान्याचे दोन जिने धावत चढलो आणि धावत उतरलो. समितीचे चार सभासद नुकतेच खुर्च्यांवर बसत होते. ते पुडके मी टेबलावर ठेवले.

धाकट्या साहेबांनी त्या कापडाकडे पाहिले मात्र, त्यांचा चेहरा खडूसारखा झाला.

टाचणीने उभ्याने, आवाज न चढवता, सर्व क्रमाने मांडले. गाठ, घडी, तिरपी रेघ, वेलांटी. मोठ्या साहेबांनी नऊही अर्ज स्वतः खिडकीवर धरून पाहिले. मग म्हणाले, “मामा, उसवा.”

मी टाके उसवले. तपकिरी कागद दूर केला. आत तिपदरी घडीच्या रेघा असलेले, चहाचे डाग पडलेले, वेड्यावाकड्या अक्षरांचे दोनशे बारा अर्ज होते. दोरा कापलेला होता, परंतु कडेची तीन भोके माझी होती. ती मी अंधारातही ओळखली असती.

“यात काय आहे, आम्हाला अजून माहीत नाही,” समितीचे अध्यक्ष म्हणाले. “कदाचित हेही वाईटच असतील.”

“असतील,” मास्तरीणबाई दिवसभरात प्रथमच बोलल्या. “तर मी जाईन. पण खऱ्या कागदांवरून जाईन. इथेच मोजा. मी हात लावणार नाही.”

गणितीने फळ्यावर रकाने आखले. अर्ज वाचून दाखवायला स्पष्ट आवाजाचा माणूस हवा होता. उस्ताद घसा खाकरून पुढे आले.

“द्या इकडे. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं वाचतो.”

आणि मग ती मोजणी सुरू झाली, जी मी मरेपर्यंत विसरणार नाही. “चार,” उस्तादांचा आवाज कवायतीच्या मैदानावर घुमावा तसा त्या खोलीत घुमला. “चार. पाच. तीन. पाच.” खडू धावू लागला. वरिष्ठ चूक झाल्यावर आधी विचारतात का? चार. ड्युटी लावताना कारण सांगतात का? पाच. लोकांसमोर अपमान टाळतात का? चार, चार, पाच. दाराशी शिपाई जमले, त्यांच्यामागे टाचणीची सबंध तुकडी. मध्येच उस्ताद शेरेही वाचत. “‘साहेब आता ओरडायच्या आधी दार लावतात. ही प्रगती समजावी.’” अध्यक्षांनाही हसू आवरेना.

साडेसहाला गणितीने खडू ठेवला. या वेळी तो खाली पाहत नव्हता.

“आधी दोन पूर्णांक चार. नंतर तीन पूर्णांक आठ. आणि माणसं एकमताची नाहीत,” त्याने बजावले. “दोन ठाण्यांत काही फरक पडलेला नाही, एका ठिकाणी थोडं बिघडलंय. म्हणूनच मी या आकड्यांवर सही करतो.”

बाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्या फळ्यापाशी गेल्या आणि न सुधारलेल्या दोन ठाण्यांची नावे वहीत उतरवू लागल्या. त्या क्षणी मला त्यांच्याइतके थोर कोणी वाटले नाही.

“एक जागा राहिली,” टाचणी म्हणाल्या. “पहाऱ्याची तुकडी. अकरा अर्ज.”

धाकटे साहेब भिंतीशी उभे होते. “त्याची गरज नाही,” ते म्हणाले. “मी कबूल करतो. सगळं मीच केलं.”

“गणितींनी ते पाहून बेरजेत धरलेत सर. फक्त मोठ्याने वाचायचे राहिलेत. तुम्ही वाचले होते?”

“नाही,” ते म्हणाले. “दोरा कापला. पण ते अकरा कागद उलटे करायचं धाडस झालं नाही. काय लिहिलं असेल, ते मला माहीत होतं.”

टाचणीने ते अकरा अर्ज उस्तादांच्या हाती दिले. उस्तादांनी आवाज खाली आणला. त्यांना आवाज खाली आणता येतो, हे मला त्या दिवशी कळले.

“आधीची सरासरी दोन पूर्णांक एक होती. आता... चार. तीन. पाच. चार.” गणितीने बाजूला बेरीज केली. तीन पूर्णांक नऊ. एकूण सरासरीहूनही वर. अखेरच्या अर्जावर चार ओळी होत्या. “‘आमचे साहेब पूर्वी नावाने हाक मारत नसत. आता मारतात. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी न मागता रजा दिली. कुणी विचारलं म्हणून लिहिलं.’”

धाकटे साहेब हळूहळू खुर्चीवर टेकले आणि दोन्ही हातांत तोंड लपवून बसले. जो अभ्यासक्रम बुडवण्यासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला, तो त्यांनाच बहुतेकांहून अधिक फळला होता. पुढे त्यांच्यावर चौकशी बसली व ती खुर्ची त्यांना मिळाली नाही. परंतु चौकशीच्या दिवशी पहाऱ्यावरचे अकराही जण त्यांच्यासोबत फाटकापर्यंत चालत गेले, एवढे मी स्वतः पाहिले आहे.

समितीने पाच मिनिटांत निर्णय दिला. अभ्यासक्रम सर्व ठाण्यांसाठी, कायमचा. उस्तादांचे दोन तास काही परत मिळाले नाहीत. त्यांनी तक्रार केली, मात्र पुढच्या तुकडीत पहिल्या बाकावर तेच बसले.

दुसऱ्या दिवशी खरा गठ्ठा मी पुन्हा शिवला. तीन भोके, मधल्यापासून सुरुवात, गाठ आत. काम आटोपत आले तोच मास्तरीणबाई माझ्या खोलीत आल्या. त्यांच्या हातात एक कोरा अर्ज होता.

“मामा, सहा वर्षं तुमच्याकडून काम करून घेतेय. माझ्याबद्दल हे तुम्ही भरा. नाव घालू नका.”

“बाई, या खोलीत मी एकटाच आहे. नाव न घालून काय लपणार?”

“मग धीर करून भरा,” त्या हसून म्हणाल्या आणि गेल्या.

सव्वीस वर्षे मी इतरांनी भरलेले कागद शिवले होते. माझे मत कोणी कागदावर मागितल्याचे मला स्मरत नाही. मी पेन पुसले, चष्मा लावला आणि बारा प्रश्नांना विचारपूर्वक खुणा केल्या. अखेरीस ती रिकामी जागा आली. तेथे मी तिरपी रेघ ओढली नाही. मला बरेच लिहायचे होते.